टॅन (रंग)

टॅन हा पिवळसर तपकिरी रंग. रोजच्या मराठीत तो मुख्यतः चामड्याच्या वस्तूंसोबत येतो: टॅन बूट, टॅन पट्टा, टॅन पाकीट. संगणकाच्या रंगसूचीतला टॅन (लाल २१०, हिरवा १८०, निळा १४०) बराच फिकट असतो. चपलांच्या दुकानात मात्र त्याच नावाखाली मधापासून विटकरीपर्यंत काहीही दाखवतात आणि गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. उन्हाने रापलेल्या त्वचेलाही शहरांत ‘टॅन’ म्हणतात. तो घालवायला ब्युटी पार्लरच्या दरपत्रकात ‘डी-टॅन’ची वेगळी ओळ असते. गोरेपणाचा आपला जुना हट्टच तो.

या रंगाचे मूळ कातडे कमावण्यात आहे. झाडांच्या सालींत आणि फळांत टॅनिन असते. ते कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाला धरून बसते. त्यामुळे कातडे कुजत नाही आणि त्याला रंगही येतो. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कोल्हापुरी चपलेचे, म्हणजे तिकडच्या बोलीत पायताणाचे. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, आतले मांस खरवडतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. हिरड्याने पिवळसर झाक येते, बाभळीने तांबूस. कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाचे, चपला बांधण्याचे चर्मकारांचे. किमतीवर घासाघीस करणाऱ्याला त्या कामाचा वास आणि त्यात जाणारे आठवडे सहसा ठाऊक नसतात.

क्रोमियमच्या क्षारांनी कातडे फार लवकर कमावले जाते, पण ते निळसर निघते. त्यावरचा टॅन नंतर चढवलेला असतो. साल-हिरड्यावर कमावलेले चामडे तेल, ऊन आणि घाम पिऊन गडद होत जाते. जुन्या कोल्हापुरीत टाच आणि अंगठा टेकतो ती जागा आधी काळवंडते. करकरीत नवा जोड मऊ पडावा म्हणून त्याला तेल लावून ठेवतात, तेव्हाच रंग थोडा खोल होतो.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये याच घाटाच्या चपला मूळ न सांगता सादर केल्या. टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले.