ताई ची म्हणजे नुसते हात हलवणं?

"ताई ची हा म्हाताऱ्यांचा व्यायाम. सावकाश हात हलवायचे, अंगाला काही लागत नाही." हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय. लांबून बघणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे. नजर हातांवर जाते आणि खरं काम पायांत चाललेलं असतं.

मूळ नाव ताईचीछुआन. 'छुआन' म्हणजे मूठ, कारण ही चीनमधली लढण्याची कला. हनान प्रांतातल्या चेन गावात १७व्या शतकापर्यंत तिचा माग लागतो. चेन शैलीत आजही संथ हालचालीत मध्येच झटक्यात ठोसा येतो! (ची गाँग हा चीनमधलाच पण वेगळा व्यायाम: श्वासाबरोबर एकेक हालचाल पुन्हापुन्हा. नवशिक्याला तो सोपा जातो.)

ताई चीतलं पायांचं काम घरीच करून पाहा. खुर्चीची पाठ हाताशी ठेवा. गुडघे जरा वाकवून सगळा भार डाव्या पायावर घ्या. उजवी टाच पुढे टेकवा, पण भार न देता. आता मनात दहा मोजत भार पुढे सरकवा. पाय बदलत पाच मिनिटं. मांड्या भरून येतात. भरभर चालताना वेगच तोल सावरून घेतो, इथे ती सोय नाही. गुडघे दुखत असतील तर कमी वाकवा.