टायटॅनियमवर उगवणाऱ्या नळ्या: पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत अ‍ॅनोडायझिंगचं जॉबवर्क करणाऱ्याला ही मांडणी नवी वाटणार नाही: आम्लाची टाकी, रेक्टिफायर (एकदिश वीज देणारं यंत्र) आणि धन टोकाला जोडून टांगलेला जॉब. वीज सोडली की धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढतो. अ‍ॅल्युमिनियमवर ही प्रक्रिया 1920च्या दशकापासून चालत आली आहे. पुण्यात फ्रॅक्चरसाठी बसवल्या जाणाऱ्या रंगीत टायटॅनियम प्लेट्स आणि स्क्रूही याच वाटेने येतात. हिरवा, सोनेरी किंवा निळा हा रंग लावलेला नसतो. व्होल्टेज बदललं की ऑक्साइडच्या पारदर्शक थराची जाडी बदलते आणि प्रकाशाचा रंगही. याच मांडणीतून टायटॅनियमवर ऑक्साइडच्या, नॅनोमीटरमध्ये (मीटरचा अब्जावा भाग) मोजाव्या लागणाऱ्या नळ्याही उगवतात; इम्प्लांटवर त्या कितपत टिकतात, हा इथला प्रश्न.

टायटॅनियम हाडाला धरून बसतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगात दिसलं. 1965मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पण जास्त भार पेलायला शुद्ध टायटॅनियम कमी पडतं. तिथे आला 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. तो घडला होता विमानांसाठी, आणि नळ्यांच्या बाबतीत हेच पुढे नडलं.

1999मध्ये झ्विलिंग आणि सहकाऱ्यांनी क्रोमिक आम्लात फ्लोराइड घालून टायटॅनियम आणि हाच मिश्रधातू अ‍ॅनोडाइझ केला, तेव्हा सच्छिद्र, नळीदार थर मिळाला. 2001मध्ये ग्राइम्स यांच्या गटाने पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात नीट रांगेत उभ्या नळ्या वाढवल्या. वीज ऑक्साइड चढवत जाते, फ्लोराइड तो विरघळवत जातं. दोन्हींचा मेळ बसला की नळी खोल होत जाते. व्होल्टेज वाढवलं की तिचा व्यास वाढतो.

मिश्रधातूवर मात्र हा मेळ बिघडतो. त्यात दोन वेगवेगळ्या स्फटिकरचनांचे भाग, म्हणजे फेज, असतात; व्हॅनेडियम जास्त असलेल्या बीटा फेजवरचा ऑक्साइड लवकर विरघळतो आणि नळ्यांच्या पट्ट्यात मध्येच खड्डे पडतात. व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम असलेल्या मिश्रधातूत दोन्ही फेजवर नळ्या उगवतात. म्हणूनच केवळ शुद्ध पत्र्यावरचे निकाल पाहून इम्प्लांटबद्दल बोलू नये, असं मला ठामपणे वाटतं.

2007मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनच्या गटाला 15 नॅनोमीटरच्या नळ्यांवर मूळपेशी जोमाने वाढताना आणि 100च्या आसपास मरताना दिसल्या. 2009मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या गटाला 70 ते 100 नॅनोमीटरवर मूळपेशी हाडपेशींकडे वळताना आढळल्या. व्यासाचा हा वाद प्रयोगशाळेतला आहे. शस्त्रक्रियेत त्याआधीची अडचण येते: स्क्रू हाडात पिळून बसवताना हा थर घासला जातो, आणि त्याची पकड कच्ची असेल तर नळ्या तिथेच सुटून येतात.