तिशियनचं आकाश मुळातच निळं होतं

लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, इटालियन चित्रकार तिशियनच्या ‘बॅकस आणि अ‍ॅरिअ‍ॅड्नी’बद्दल एक समज अजून टिकून आहे: चित्राची मूळ झाक सोनेरी-तपकिरी होती, १९६०च्या दशकातल्या सफाईत ती खरवडली गेली आणि आकाश भडक निळं झालं. हे साफ चूक आहे.

फेराराचा ड्यूक अल्फोन्सो द एस्ते याच्या खासगी दालनासाठी तिशियनने हे चित्र १५२०–२३ दरम्यान रंगवलं. आकाशात आणि अ‍ॅरिअ‍ॅड्नीच्या वस्त्रात अल्ट्रामरीन आहे, म्हणजे अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेला अतिशय महाग निळा. चित्रातल्या झांज वाजवणाऱ्या स्त्रीचं नारिंगी वस्त्र मनशीळ या खनिजाचं. इतके तेजस्वी रंग घेणारा चित्रकार ते तपकिरीखाली कशाला दडवेल?

ती झाक नंतरच्या व्हार्निशची. नैसर्गिक राळेचं व्हार्निश काही दशकांत पिवळं पडतं आणि निळ्यावर पिवळा थर आला की आकाश हिरवट, मळकट दिसतं. अशा सफाईत आधी छोट्या चौकोनावर द्रावक तपासतात, मग कापसाच्या बोळ्याने थर काढतात. व्हार्निश विरघळतं, शतकांपूर्वी वाळलेला तैलरंग सहसा तितका लवकर सुटत नाही.

खरं नुकसान त्याआधीच झालं होतं. चित्र रंगवल्यानंतरच्या पहिल्या शंभर वर्षांतच कॅनव्हास गुंडाळला गेल्याने रंगाचे पापुद्रे सुटले, म्हणून आकाशात नंतरची डागडुजी आहे.