सरळ वर उडणारं जेट: एक इंजिन की नऊ?

उलव्याच्या डोंगरात सुरुंग लागत होते तेव्हापासून नेरुळ-सीवूड्सकडे एक प्रश्न कायम कानावर येतो, की जेट जागेवरून सरळ वर जाऊ शकतं तर नवी मुंबई विमानतळाच्या 3,700 मीटरच्या रनवेसाठी डोंगर कापायचा कशाला, नदी वळवायची कशाला? प्रश्न रास्त आहे. पण रनवेवर वजन पंख उचलतात, म्हणून प्रवासी जेटचं काम वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जोरावर भागतं, आणि सरळ उठायचं तर पूर्ण वजनापेक्षा जास्त जोर लागतो. तो आणायचा कुठून यावरच 1960 च्या दशकात युरोपात जुंपली होती.

त्याआधीचं थोडक्यात. 1954 ला ब्रिटनमध्ये दोन जेट इंजिनं बसवलेला एक सांगाडा, पंखबिंख काही नाही, दोरांशिवाय हवेत उभा राहिला, आणि 1957 ला अमेरिकेचं एक्स-13 जेट नाक वर, शेपटी खाली असं उभ्याने उडालं आणि तसंच उतरलं.

खरा वाद पुढचा. एक गट म्हणायचा, उचलायला छोटी इंजिनं वेगळी ठेवा आणि पुढे जायला मोठं वेगळं. फ्रान्सच्या मिराज थ्री-व्हीमध्ये अशी 8 अधिक 1 इंजिनं होती. दुसरा गट म्हणायचा इंजिन एकच ठेवा, त्याच्या चार तोट्या फिरवा, खाली केल्या की वर, मागे केल्या की पुढे. ते ब्रिटनचं पी.1127. ऑक्टोबर 1960 ला ते पहिल्यांदा उचललं तेव्हा जमिनीला दोरांनी बांधलेलं होतं, खाली जाळीचा खड्डा केलेला, कारण गरम हवा उलटून परत इंजिनात गेली की जोर कमी होतो. पायलटचा पाय प्लास्टरमध्ये होता, तरी बसला! तरंगताना पंखांचा उपयोग शून्य, म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून इंजिनाचीच हवा सोडून तोल सांभाळायचा.

1962 ला पश्चिमी लष्करी आघाडीच्या (नाटोच्या) स्पर्धेत याच्याच ध्वनीपेक्षा वेगवान भावंडाला, पी.1154 ला, तांत्रिकदृष्ट्या सरस ठरवलं, पण सामाईक पैसा कोणी काढला नाही, फ्रान्स आपल्या मिराजला धरून बसला आणि ब्रिटनने 1965 ला पी.1154 रद्द केलं. माझ्या मते चूक इथेच झाली. उतरेपर्यंत 8 बंद इंजिनं पोटात घेऊन हिंडायचं म्हणजे इंधनाची जागाच गेली. मिराज सप्टेंबर 1966 ला ध्वनीच्या दुप्पट वेगाने गेलं खरं, नोव्हेंबरमध्ये कोसळलं. त्याच्या आधीच्या चाचणी विमानाने तर दोन पायलट घेतले. जर्मनीचं सरळ उठणारं मालवाहू डो-31, तब्बल 10 इंजिनांचं, 1970 ला बंद झालं, तिथे मोठ्या विमानांचा विषयच संपला.

टिकलं ते एका इंजिनाचं. पी.1127 चं हॅरियर झालं आणि 1983 पासून सी हॅरियर आपल्या नौदलात, आधी विक्रांतवर मग विराटवर, 2016 पर्यंत. तेसुद्धा पूर्ण भार घेऊन सरळ उठायचं नाही, डेकवर धावत येऊन पुढच्या चढावरून झेप घ्यायचं आणि इंधन जळून हलकं झालं की सरळ उतरायचं. आजच्या अमेरिकी लढाऊ विमानात, एफ-35बी मध्ये, पायलटच्या मागे उचलायला वेगळा पंखा आहे, म्हणजे जादा ओझं आलंच, पण तो मुख्य इंजिनाच्याच शाफ्टवर फिरतो, त्याला स्वतःचं इंजिन नाही.