गळती नेमकी कुठे आहे?

लघवीला साबणासारखा फेस येतो आणि बराच वेळ बसतच नाही, असं सांगितलं की डॉक्टर आधी प्रथिनांची तपासणी लिहून देतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किडनीने जवळजवळ पूर्ण अडवायचं असतं. मग ते निसटतं कुठून?

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता आणि त्याला बाहेरून कवटाळून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. शेजारच्या पोडोसाइट अशाच अडकलेल्या असतात. बोटांमधली फट जेमतेम ४० नॅनोमीटरची, तिच्यावर ताणलेला एक पातळ पडदा. दिवसाला १८० लिटर द्रव इथून गाळून निघतो. लघवी होते ती दीडेक लिटर, बाकीचं पुढच्या नळ्या परत शोषून घेतात.

हा पडदा कशाचा, हे १९९८ मध्ये उलगडलं ते फिनलंडमधल्या तान्ह्या बाळांच्या एका आनुवंशिक आजारामुळे. या बाळांच्या लघवीतून जन्मापासूनच प्रथिनं वाहून जात. कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने त्यामागचं जनुक हुडकलं. त्याच्या प्रथिनाला नाव मिळालं नेफ्रिन. फटीच्या दोन्ही काठांवरचे नेफ्रिनचे रेणू मधोमध एकमेकांना धरतात. ते नसले की पडदा विणलाच जात नाही.

नेफ्रिनचं जनुक नळ्यांच्या पेशींतही असतंच, पण किडनीत ते वाचतात पोडोसाइट. पेशी जनुक वाचते तेव्हा त्याची आरएनए नावाची नक्कल काढते, म्हणून कोणती पेशी काय वाचतेय ते आरएनएवरून कळतं. पूर्वी किडनीचा तुकडा अख्खा वाटून आरएनए काढत; त्यात मूठभर पोडोसाइटचा आवाज नळ्यांच्या गलक्यात बुडून जाई. २०१८ मध्ये कातालिन सुस्ताक यांच्या गटाने उंदराच्या किडनीतल्या ५७,९७९ पेशींचा आरएनए पेशीगणिक वेगळा वाचला. प्रथिनगळतीच्या आनुवंशिक आजारांची जनुकं पोडोसाइटमध्ये निघाली, तर रक्तात आम्ल साठवणाऱ्या आजाराची संचयनलिकेतल्या (नळ्यांच्या शेवटी लघवी गोळा करणाऱ्या नळीतल्या) एका विशिष्ट पेशीत. ‘किडनीचा आजार’ हे नाव मला तेव्हापासून फारच ढोबळ वाटू लागलं आहे.

बिघाड कोणत्या पेशीत आहे, हा पत्ता औषधं शोधतानाही उपयोगी पडतो. एपीओएल१ जनुकाचे दोन प्रकार आफ्रिकेतल्या ‘झोपेच्या आजारा’च्या (स्लीपिंग सिकनेस) परजीवीपासून वाचवतात, म्हणून पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते टिकले. मात्र आईवडील दोघांकडूनही असा प्रकार आला, तर पोडोसाइटना इजा होण्याचा धोका वाढतो. या जनुकाचं प्रथिन पेशीच्या आवरणात आयनांसाठी वाट उघडतं. इनॅक्साप्लिन हे औषध ती वाट बंद करतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ आठवड्यांच्या एका छोट्या चाचणीत त्याने प्रथिनगळती सरासरी जवळपास निम्मी केली.