चिठ्ठीवर ‘गोमेद’, वाडग्यात अकीक: रंगीत घोटीव दगडांची पार्श्वभूमी

कुलाबा कॉजवेच्या पदपथावर किंवा दादरच्या पूजा साहित्याच्या दुकानात वाडगे भरून ठेवलेले रंगीत, गुळगुळीत दगड सहसा मुंबईचे नसतात. जमवणाऱ्यांना हे ठाऊक असते. पण दगड कुठला, रंग जमिनीतला की भट्टीतला, आणि मुळात त्याला म्हणायचे काय, हे वाडग्यातल्या चिठ्ठीवरून कळत नाही. कित्येकदा चिठ्ठीच चुकीची असते.

मराठी घरात घोटीव दगडांचा पहिला संच देव्हाऱ्यात असे. पंचायतनात विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोणभद्र, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी सुवर्णमुखी. यांतले बहुतेक नदीने घासलेले. आमच्या आजीच्या पंचायतनातला शोणभद्र सुपारीएवढा होता. ताम्हनातल्या पाण्यात असेपर्यंत लालभडक, पुसून सुकला की मातकट विटकरी. नदी दगडाला गोलाई देते, जिल्हई देत नाही. पाणी आणि घासण्याची पूड घालून फिरवलेल्या ड्रममधून निघालेला दगड सुकल्यावरही ओलाच दिसतो, आणि हा सगळा व्यवसाय तेवढ्या एका फरकावर उभा आहे.

मुंबई स्वतः लाव्हाच्या खडकावर वसलेली, मग तिचे दगड या वाडग्यांत का नाहीत? दख्खनच्या लाव्हात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजे भरली. कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या खाणींतल्या पोकळ्यांमधून प्रेहनाइट, ओकेनाइट आणि झिओलाइट गटातले स्फटिक निघाले. जगभरच्या संग्राहकांनी ते जपून ठेवले, पण जसेच्या तसे. ओकेनाइटचा कापसाच्या बोंडासारखा गोळा बोटाने दाबला तरी मोडतो, तो ड्रममध्ये काय टिकणार? मोहस मापावर झिओलाइटांची कठिणता साधारण 3.5 ते 5.5, अकीकाची (इंग्रजीत अगेट) 6.5 ते 7. ड्रमला लागतो कठीण, बारीक पोताचा, विशिष्ट दिशेने न फुटणारा दगड. अकीक तसाच आहे, आणि तो याच लाव्हाच्या पोकळ्यांत सिलिका साचून तयार झाला. लाव्हा झिजला, अकीक उरला आणि नद्यांनी तो वाहून नेला. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरच्या परिसरात तो गोट्यांच्या थरांतून खणून काढतात आणि घडवायला खंबातला नेतात. आपल्या जुन्या कागदपत्रांतले खंबायत ते हेच. लोथलला हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना सापडला आहे, म्हणजे या कामाला चार हजारांहून जास्त वर्षे झाली. त्या काळाबद्दल इथे एवढेच.

एकोणिसाव्या शतकातली खंबातची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. पिवळट दगड आधी उन्हात पसरायचे, मग मातीच्या मडक्यांत घालून शेणाच्या विस्तवात रात्रभर भाजायचे. त्या उष्णतेने दगडातल्या लोहाच्या संयुगातले पाणी निघून जाते आणि पिवळ्याचा लाल होतो. मणी घडवून झाले की जाड चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची पूड आणि पाणी घालून भरायचे. दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहायची, कित्येक दिवस. विजेच्या ड्रममध्ये आज जे होते तेच हे, फक्त माणसाच्या हातांनी.

खंबातचे बंदर गाळाने भरत गेले तसा हा माल आधी सुरतेतून आणि पुढे मुंबईतून अरबस्तानला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि चीनला जाऊ लागला. दगडाच्या ओळखीतून खाण पुसली जाण्याची सवय आजची नाही, फार जुनी आहे. झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी असलेल्या अकीकाला युरोपात ‘मोखा स्टोन’ म्हणत, येमेनमधल्या मोखा बंदरावरून. त्यातला बराच माल हिंदुस्थानातला होता. बंदराचे नाव राहिले, खाणीचे गेले.

रंग देण्याची मोठी विद्या एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावात पक्की झाली. अकीक सच्छिद्र असतो. तो साखरेच्या किंवा मधाच्या द्रावणात मुरवून गंधकाम्लात टाकला की आतली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाकुट्ट निघतो. निळे आणि हिरवे रंग धातूंच्या क्षारांनी आले. 1891 मध्ये कार्बोरंडम हे कृत्रिम, फार कठीण द्रव्य सापडले आणि घासण्याची पूड स्वस्त होत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत हौशी लोक घरी ड्रम फिरवू लागले. तीच रीत इथल्या कारखान्यांत आली आणि दगड नगावर न विकता किलोवर विकता येऊ लागला. ड्रम दोनतृतीयांश भरायचा, जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत जायचे आणि शेवटी अॅल्युमिनियम किंवा सेरियम ऑक्साइडने जिल्हई द्यायची. चार आठवडे लागतात. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, ड्रम, झाकण सगळे धुवावे लागते. जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी पुढच्या टप्प्यात ओरखडे उठतात. धुण्याचा चिखल मोरीत ओतायचा नाही, तो नळीत सिमेंटसारखा बसतो.

आता नावाकडे. हे टिपण मुख्यतः त्यासाठीच आहे.

अकीक हा शब्द अरबी. अरबीत तो प्रामुख्याने लाल दगडाला लागतो, गुजरातीत या जातीच्या सगळ्याच दगडांना. हिंदी बाजारात त्याचा ‘हकीक’ झाला आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो ‘सुलेमानी हकीक’. महम्मद अली रोडवर, भेंडीबाजारात अंगठीसाठी दगड मागणारा अकीकच म्हणतो आणि त्याला नेमके काय हवे ते दुकानदाराला कळते. गोंधळ आहे तो ‘गोमेद’ या शब्दाचा. राहूसाठी जो गोमेद घालतात तो हेसोनाइट, म्हणजे गार्नेटच्या कुळातला मधाच्या रंगाचा दगड. जुन्या रत्नविषयक लिखाणात झिर्कॉनलाही गोमेद म्हटलेले आढळते. आणि इंग्रजी-हिंदी कोशांतून तोच शब्द अगेटचा प्रतिशब्द म्हणून आला, तिथून मराठी चिठ्ठ्यांवर उतरला. तीन वेगळी खनिजे, एक नाव. अगेट निव्वळ सिलिका आहे, हेसोनाइट कॅल्शियम-अॅल्युमिनियमचे सिलिकेट, झिर्कॉन झिर्कोनियमचे. विशिष्ट गुरुत्व अनुक्रमे सुमारे 2.6, 3.6 आणि 4.6. सारख्या आकाराचे तीन दगड तळहातावर घेतले तर डोळे मिटूनही फरक कळतो.

काही जाणकार म्हणतात, शब्द संस्कृत आहे, कोशात आहे, वापरायला हरकत काय? माझी हरकत ठाम आहे. गोमेदाच्या भावात मधाळ अकीक घेणारा माणूस त्या चिठ्ठीमुळे फसतो आणि दुकानदार कोशाकडे बोट दाखवून सुटतो. शिवाय अकीक हा शब्द खणणारे, भाजणारे आणि घडवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. त्यांचा शब्द बाजूला सारायला काहीच कारण नाही. दुसरी बाजू ‘अगेट’ असे सरळ देवनागरीत लिहा म्हणते. त्यात फसवणूक नाही, म्हणून भांडणही नाही. तिसरा शब्द आपल्या शेतातला, ‘गारगोटी’. तो क्वार्ट्‌झच्या सगळ्या गोतावळ्याला पुरतो. बोलताना तो बिनकिमतीच्या दगडासाठी येतो खरा, पण सिन्नरच्या एका खनिज संग्रहालयाने तेच नाव अभिमानाने लावले आहे. मुलांना पहिला शब्द म्हणून मी गारगोटीच शिकवतो आणि पट्टे दिसू लागले की अकीक.

व्यापारी नावांची गोष्ट वेगळी. ‘सनसितारा’ ही तांब्याचे कण असलेली काच आहे, ओपलाइटही काचच. ‘फिरोजा’ म्हणून मिळणारा स्वस्त निळा दगड बहुधा रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट असतो. रंग भेगांत गडद साचलेला दिसतो आणि अॅसिटोनच्या बोळ्याला लागतो. सात चक्रांचे संच खपू लागल्यापासून हे सगळे अस्सल दगडांच्या वाडग्यात मिसळले आहे. भाजलेला अकीक मात्र मी खोटा मानत नाही. विस्तवाने त्याच्याच आतले लोह लाल केले, बाहेरून काही घातले नाही.

किमतीत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे धूळ. विजेची सहाण आल्यावर खंबातमध्ये कोरड्या घासकामाची सिलिकायुक्त धूळ घरोघरी पसरली. तिने सिलिकोसिस होतो, फुप्फुसे कायमची निकामी होत जातात आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. डॉक्टरांनी आणि कामगारांसाठी झटणाऱ्यांनी हे वर्षानुवर्षे नोंदवले आहे. सहाणेवर घासलेल्या गोळ्यामागे आणि पिरॅमिडमागे ती धूळ असते. ड्रममधले काम पाण्यात चालते. दगड फोडताना धूळ उडते, पण ड्रममध्ये घोटलेल्या वेड्यावाकड्या आकाराच्या (‘टंबल’) दगडाला सहाणेची गरजच नसते. म्हणून मी गोळे घेणे सोडले, ड्रमचे दगड घेतो.

घरच्या खोक्यात आता प्रत्येक दगडाखाली कागदाची पट्टी आहे. काल ठेवलेल्या दगडाखाली लिहिले: अकीक, रतनपूर, भाजलेला, रंग दिलेला नाही, ड्रम.