आर्वो पेर्त आठ वर्षं खरंच गप्प होते का?

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त (जन्म १९३५) यांच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: १९६८ मध्ये ‘क्रेडो’ या ख्रिस्ती श्रद्धेवरच्या रचनेमुळे सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवला, मग आठ वर्षं त्यांनी एक सूरही लिहिला नाही आणि १९७६ मध्ये एकदम नवी शैली घेऊन परतले.

रोष खरा, पूर्ण मौनाची गोष्ट मात्र चुकीची. १९७१ मध्ये त्यांची तिसरी सिंफनी आली, १९७३ मध्ये ‘उकुआरू’ चित्रपटाचा लोकप्रिय वॉल्ट्झ. चित्रपटसंगीत तर चालूच होतं. शिवाय ग्रेगोरियन चँटचा, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधल्या एकपदरी गायनाचा, अभ्यास करत, साध्या एकपदरी सुरावटी लिहीत त्यांनी वह्यांमागून वह्या भरल्या. मला तर हीच खरी कहाणी वाटते, कारण नव्या शैलीतली १९७६ ची पियानोरचना ‘फ्यूर अलिना’ त्या रियाजातूनच आली. पियानोवर उजवा हात सुरावट वाजवतो, डावा ‘बी मायनर’ या स्वरसंघाच्या तीन स्वरांपलीकडे जात नाही. फक्त एकदाच जातो, आणि तिथे स्वरलिपीत चक्क एक फूल काढलेलं आहे!

त्यांच्या वह्या आज एस्टोनियात, लाउलास्मा इथल्या आर्वो पेर्त केंद्रात जपलेल्या आहेत.